डाव्या खोक्यातली रेल्वे

अणदूरच्या आबारावांना कुणी हात जोडले, तर ते आधी त्या जोडलेल्या हातांत काही लपवलंय का ते बघायचे आणि मगच आपले हात जोडायचे. हा स्वभाव आईच्या पोटातून आलेला नव्हता, सरकारी नोकरीतून आला होता. तुळजापूरच्या टेलिफोन एक्सचेंजात ट्रंक कॉल जोडून देण्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. कानाला हेडफोन, समोर भोकांची फळी आणि हातात दोऱ्या. अर्ध्या तालुक्याची बोलणी त्यांच्या कानावरून गेली. वरपक्ष मुलीच्या बापाला समोर म्हणायचा, "आम्हाला काही नको, नुसती पोरगी द्या," आणि बाहेर येऊन सोलापूरला फोन लावून विचारायचा, "फटफटी काळी घ्यावी का लाल?" असं उभं आयुष्य ऐकल्यावर माणसाचं काय होणार? आबारावांचं ठाम मत झालं, की माणूस समोर बोलतो ते एक आणि तारेवर बोलतो ते दुसरं.

अशा आबारावांनी जगात एकाच माणसाला संशयातून सूट दिली होती. तो म्हणजे नळदुर्गचा हिंमतराव. दोघांची मैत्री कॉलेजच्या वसतिगृहातली, एकाच पांघरुणात थंडी काढलेली. आणि म्हातारपणी एका वर्षी मार्गशीर्ष तोंडावर आला असताना तीच मैत्री तुटायची वेळ आली, एका पेटीपायी.

पेटी म्हणजे व्हॉल्व्हचा स्टिरिओ अँप्लिफायर. सोलापुरातल्या एका बंद पडलेल्या गिरणीच्या साहेबाचा बंगला रिकामा होत होता, तेव्हा ह्या दोघा जवान पोरांनी निम्मे-निम्मे घालून ती उचलली. लोखंडाचा सांगाडा, पुढच्या अंगाला काचेच्या व्हॉल्व्हची रांग, मागच्या अंगाला काळे चौकोनी ट्रान्सफॉर्मर. वजन असं, की एसटीत ठेवल्यावर एसटी डावीकडं कलली. कंडक्टरनं उजवीकडच्या बाकांवर चांगली वजनदार माणसं निवडून बसवली, तेव्हा कुठं गाडी सरळ चालली. त्यातला एक पैलवान मध्येच उतरतो म्हणाला, तर ड्रायव्हर त्याच्या पाया पडला म्हणतात.

पेटीबरोबर साहेबानं एक तबकडी फुकट दिली होती. तिच्यात गाणं नव्हतं, नुसते आवाज होते. स्पीकरच्या दोन खोक्यांपैकी डाव्या खोक्यात रेल्वे शिट्टी मारायची, निघायची, खोलीच्या मधून धडधडत जायची आणि उजव्या खोक्यात पोचून सुस्कारा टाकून थांबायची. अणदूरला रूळ कुठले? पण ती रेल्वे आबारावांच्या खोलीतून रोज सुटू लागली. बानूबाई म्हातारी ऐकायला आली ती भिंतीला टेकून पाय पसरून बसली, आणि गाडी जवळ आल्यावर तिनं दोन्ही पाय पोटाशी घेतले. "मेल्यांनो, पाय गेलं असतं की!" एकजण तर बोचकं बांधून दारात उभा राहिला. सोलापूरची गाडी कधी निघते, म्हणून.

आता निम्मी-निम्मी पेटी राहणार कुणाच्या घरी? त्यावरून दोन दिवस अबोला झाला आणि हिंमतरावानंच तोडगा काढला. अणदूरचा खंडोबा दोन गावांचा. वर्षातले दहा महिने देव अणदूरला असतो, मार्गशीर्षात जत्रेच्या दिवशी पालखीतून नळदुर्गला जातो, आणि पौषातली जत्रा झाल्यावर परत येतो. दोन्ही गावचे मानकरी एकमेकांना तसं कबूल करतात आणि शब्द पाळतात.

"देवाला जमतंय, तर पेटीला का न्हाय जमणार?" हिंमतराव म्हणाला. "देव निघाला की पेटी निघंल. देव परतला की पेटी परतंल." आणि त्यानं देवळात जाऊन शपथेचा बेलभंडारा उचलला.

आबाराव म्हणाले, "हिंमत, आम्ही धम्म घेतलाय, बावीस प्रतिज्ञा झाल्यात. मी भंडारा उचलणार नाही. माझा नुसता शब्द घे."

"तुझा शब्द मला देवापरीस जास्त हाय," हिंमतराव म्हणाला. झालं. कागद नाही, साक्षीदार नाही.

पुढं बरीच वर्षं पेटी देवाच्या मागोमाग जायची आणि यायची. मग कॅसेटी आल्या, व्हॉल्व्ह मिळेनासे झाले आणि एका श्रावणात पेटीनं धूर काढून डोळे मिटले. ती आबारावांच्या माळ्यावर जाऊन पडली. मेलेल्या पेटीची वाटणी कोण मागतो? देव जात-येत राहिला, पेटी माळ्यावरच राहिली.

आबाराव रिटायर झाल्यावर मात्र त्यांच्या हाताला चळ लागला. रेडिओ दुरुस्तीचा टपालानं शिकवणारा कोर्स त्यांनी तरुणपणीच केला होता. आता मोबाइलवर जगभरचे म्हातारे आपापल्या पेट्या उघडून दाखवत होते. आबारावांनी पेटी खाली काढली. आत झुरळांच्या पिढ्या नांदत होत्या. त्यांनी सगळं पुसून काढलं, व्हॉल्व्हची बैठक न् बैठक स्पिरिटनं धुतली, पुण्याला असलेल्या लेकीला, दीक्षाला सांगून कंडेन्सर मागवले आणि जुने काढून नव्यांना कथिलाचे डाग दिले. मग थेट विजेवर न टाकता मध्ये एक बल्ब जोडला, म्हणजे आत काही चुकलं असलं तर बल्ब पेटतो आणि पेटी वाचते. दिवाळी सरली त्या आठवड्यात व्हॉल्व्हच्या पोटात तांबडी तार उजळली. आबारावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी मथुराबाईंना दिसू दिलं नाही, कारण बायको पुढं त्याचा काय उपयोग करील सांगता येत नाही.

मथुराबाई म्हणजे त्यांची बायको. तिला त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. "ह्या पेटीत तीनशे व्होल्ट असतात. बंद केल्यावरसुद्धा कंडेन्सरात साठून राहतात. मी बल्ब लावून ते उतरवल्याशिवाय हिच्या जवळ फिरकायचं नाही. आणि उतरवल्यावरसुद्धा फिरकायचं नाही."

"न्हाय फिरकत. तुमी आन् माझी सवत," मथुराबाई म्हणाल्या आणि भाकरी थापायला गेल्या.

पेटी जगली आणि तिथूनच संशयाला सुरुवात झाली. कारण आता जत्रा जवळ आली होती. शब्दाप्रमाणं देव निघाला की पेटी निघणार. आणि एकदा नळदुर्गला गेलेली जिती पेटी परत येईल कशावरून?

हिंमतराव पूर्वी फक्त रविवारी यायचा. देवदर्शन करून आला की आबारावांकडं चहा, जेवण, गप्पा. आता तो बुधवारीही यायला लागला. मग शुक्रवारीही. आल्या आल्या विचारायचा, "वाजती का?" आणि वाजवली की पेटीच्या मागं जाऊन वाकून, कान तिरका करून, डाव्या खोक्यापाशी उभा राहायचा. बोटानं खोकं ठोकायचा. तार हलवून बघायचा.

"आबा, डावी बाजू मेलीया रं."

"डावी चांगली वाजतेय."

"रेल्वे लाव."

आबारावांनी तबकडी लावली. डावीकडं शिट्टी झाली, गाडी सुटली, मधून गेली, उजवीकडं पोचली. त्यांनी अंगावर काटा येऊन मित्राकडं बघितलं. हिंमतराव डोकं हलवत होता.

"गाडी मधूनच येतीया गड्या. ठेसनातनं निघतच न्हाय. डाव्या अंगाला बिघाड हाय. एक सांगू का? पुण्यात एकजण वळखीचा हाय, असल्या पेट्यांचा नादी. त्येला दाखवू."

आबारावांच्या डोक्यात एक्सचेंजातली फळी पेटली. सगळ्या दोऱ्या आपोआप आपापल्या भोकात जाऊन बसल्या. चांगल्या मालाला खोट लावायची, धन्याचं मन पेटीवरून उडवायचं, आणि मग पुण्याच्या माणसाला पुढं करायचं! दुसऱ्याच दिवशी पुण्याहून त्या माणसाचा फोनही आला. गोड आवाज. "काका, तुमच्याकडचे व्हॉल्व्ह मूळचे आहेत का? तसे आता मिळत नाहीत हो."

"तुम्हाला नंबर कुणी दिला?"

"हिंमतराव काकांनी."

आबारावांनी फोन ठेवला तेव्हा त्यांची दाढ दुखायला लागली होती, इतके दात आवळलेले.

त्या दिवसापासून पहारा सुरू झाला. दीक्षा माहेरपणाला आली होती तेव्हा विसरून गेलेली नेलपॉलिशची बाटली त्यांनी शोधली आणि प्रत्येक मोठ्या व्हॉल्व्हच्या बुडाला ठिपके दिले. डावीकडून पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, असं. कुणी अस्सल काढून नकली बसवला की ठिपका नसेल. सापडला!

रोज सकाळी ते पेटी तास-दोन तास तापवायचे, गाणी ऐकायचे, मग बंद करून, साठलेली वीज बल्बातून उतरवून, पेटीवर जुनं धोतर पांघरून जेवायला जायचे. जेवणानंतर झोप. संध्याकाळी येऊन तपासायचे. तिसऱ्याच संध्याकाळी दोन ठिपकेवाला तिसऱ्या जागी होता आणि तीन ठिपकेवाला दुसऱ्या.

आबारावांनी बोटानं ठिपके पुन्हा मोजले. ठिपके सगळे होते, म्हणजे चोरी अजून झाली नव्हती. पण कुणीतरी व्हॉल्व्ह उपसून, बघून, घाईत परत लावले होते. माप घेत होतं कुणीतरी. आणि आज वार कोणता? शुक्रवार. दुपारी कोण येऊन गेलं? हिंमतराव.

पुढच्या आठवड्यात धोतराची घडी वेगळी सापडली. मधल्या ट्रान्सफॉर्मरवर पांढरट थेंब वाळलेला दिसला. आबारावांनी तो नखानं खरवडला, हुंगला. आंबूस वास. तेजाब! पेटीचं अंग आतून खायचं आणि मग म्हणायचं, बघ, मी सांगत होतो डावी मेलीय. त्यांना वाटलं आत्ताच नळदुर्गला जाऊन त्याच्या दारात उभं राहावं. पण पुरावा? आयुष्यभर त्यांनी लोकांचं खोटं ऐकलं होतं, पण कधी कुणाला पकडलं नव्हतं. ऑपरेटरला तशी मुभा नसते.

त्यात एकच गोष्ट सुखाची चालली होती, ती म्हणजे जेवण. थंडी असली पडली होती, की सगळ्या गावात दुधाला विरजण लावावं तर सकाळी दूधच, वर नुसतं आंबट पाणी. गल्लीतली सिताबाई म्हणे विरजणाचं भांडं कुशीत घेऊन झोपली, तर कूस गोठली पण दही पडलं नाही. आणि आबारावांच्या ताटात मात्र असं दही, की वाटी उलटी धरून गल्लीभर फिरावं, कवडी हलायची नाही. आबाराव सुरीनं कापून खात.

"महालिंगप्पाच्या म्हशीचा गुण," ते म्हणाले. महालिंगप्पा शेजारचा, त्यांच्याकडं दूध घालणारा. हे ऐकून तो म्हशीच्या कपाळाला रोज हळदकुंकू लावू लागला.

"व्हय, म्हशीचाच," मथुराबाई म्हणाल्या आणि ओट्याकडं वळल्या.

हिंमतरावही तसलं ताक दोन-दोन तांबे प्यायचा आणि मिशी पुसत म्हणायचा, "वैनी, पुढचा जलम म्या तुमच्या चुलीजवळ मांजराचा घेणार."

आबाराव ते हसणंसुद्धा पारखून घ्यायचे. चोराला इतकी भूक कशी लागते!

जत्रेच्या आधीचा रविवार आला. आबारावांनी सकाळी पेटी तापवली, वीज उतरवली आणि मथुराबाई नळावर गेलेल्या बघून हळदीचा डबा उचलला. फडक्यातून चाळून त्यांनी ट्रान्सफॉर्मरवर, व्हॉल्व्हच्या भोवती अशी बारीक हळद पेरली, की नुसत्या डोळ्यांना धूळ वाटावी. वर हलक्या हातानं धोतर. हात लावणाऱ्याची बोटं पिवळी होणार. पुरावा बोटावर घेऊन फिरणार बेटा!

जेवून ते शेजारच्या खोलीत खाटेवर आडवे झाले. झोपायचं नव्हतं, झोपल्याचं सोंग करून कानोसा घ्यायचा होता. पण सोंग इतकं हुबेहूब वठलं, की ते घोरायला लागले.

जाग आली ती हिंमतरावाच्या खोकल्यानं. उन्हं उतरली होती. आबाराव अनवाणी, भिंतीला धरून दारापाशी आले. हिंमतराव पेटीपाशी वाकलेला. धोतर बाजूला सारलेलं. हळद फिसकटलेली. आणि त्याची उजव्या हाताची बोटं... पिवळीधमक!

"हात वर कर!" आबाराव ओरडले.

हिंमतरावानं दचकून दोन्ही हात वर केले. "काय रं? काय झालं?"

"काय झालं? बोटं बघ तुझी! पिवळी आहेत का नाहीत?"

हिंमतरावानं बोटं बघितली. "हाईत की."

"कबूल करतोस?"

"काय कबूल करायचं? आबा, तब्येत बरी हाय न्हवं?"

"पुण्याच्या माणसाला नंबर कुणी दिला? व्हॉल्व्ह कुणी बदलले? तेजाब कुणी टाकलं? चांगल्या डाव्या बाजूला मेली मेली कोण म्हणतंय? पेटी नळदुर्गला न्यायची आणि तिथून पुण्याला घालवायची, हेच ना तुझं? मी हळद पेरली होती, हळद! सापडलास!"

हिंमतरावानं वर केलेले हात खाली घेतले, खुर्ची ओढली आणि बसला. "आबा, आज वार कंचा?"

"रविवार."

"म्या रविवारी कुठनं येतो?"

आबारावांनी आता कुठं मित्राकडं नीट बघितलं. हिंमतरावाच्या कपाळावर भंडारा होता. कानाच्या पाळीवर होता. सदऱ्याच्या खिशावर होता. भुवईतसुद्धा होता. उभ्या जन्मात ज्या माणसाला दर रविवारी असंच पिवळं बघितलं, त्याला पकडायला रविवारी हळद! खिडकीतून गल्ली दिसत होती. महालिंगप्पा चालला होता, पिवळा. दोन बायका चालल्या होत्या, पिवळ्या. महालिंगप्पाची म्हैससुद्धा कपाळाला पिवळी. आबारावांच्या घरात भंडारा येत नाही, म्हणून त्यांना गावाची आठवणच राहिली नव्हती. खंडोबाच्या अणदुरात रविवारी हळदीनं चोर शोधायचा म्हणजे भर बाजारात टोपीवाला शोधायचा!

पण संशय असा एका तडाख्यात मरत नाही. "मग ही पेटीवरची हळद कुणी फिसकटली?" ते म्हणाले. आवाज मात्र खाली आला होता.

तेवढ्यात मथुराबाई आत आल्या. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात दह्याचं पातेलं. "भावजी, आज ताक घुसळलंच न्हाय, दहीच घ्या," असं म्हणत त्यांनी पातेलं भिंतीकडच्या बाकावरच्या धुतलेल्या पांढऱ्या चादरीवर टेकवलं. कुणी वाटी पुढं करत नाहीसं बघून पुन्हा उचललं.

चादरीवर पिवळं गोल उमटलं होतं.

आबारावांनी गोल बघितलं. पेटीकडं बघितलं. मधल्या ट्रान्सफॉर्मरवरची हळद फिसकटलेली नव्हतीच, तिच्यात तेवढंच गोल कोरलेलं होतं. बांगडीनं कोरावं तसं.

"मथुरे," ते हळूच म्हणाले, "हे भांडं कुठं होतं?"

मथुराबाईंनी पातेल्याच्या बुडाला हात लावून बघितला, पदराला पुसला. "होतं तिथंच. माझ्या सवतीच्या डोक्यावर."

"पेटीवर?"

"मंग? ह्या थंडीत दही पडावं कसं? तुमी तासभर तिला तापवता, तापवून झोपता. ती ऊब वाया जाती. म्या पातेलं ठिवती, वरनं धोतर गुंडाळती. तुमी उठायच्या आत उचलती."

"आणि व्हॉल्व्ह?"

"त्यो दुसरा गोळा मध्येच येतो, भांडं बसत न्हाय. मागं एकदा त्यो उपसताना शेजारचा बी हातात आला. ठिवलं परत लावून. सारखंच तर हाईत."

"तीनशे व्होल्ट गं! जीव गेला असता!"

"तुमी बलब लावून उतरवल्याबिगर हात लावला न्हाय कंदी. मला शिकवलंय कुणी?"

आबारावांना रागवावं की रडावं कळेना. आंबूस थेंब, वेगळी घडी, घट्ट कवडी, सगळ्या दोऱ्या भोकांतून निघून दुसऱ्याच भोकांत जाऊन बसल्या. ज्या तेजाबाला ते घाबरले होते, तेच रोज सुरीनं कापून खात होते.

हिंमतराव हसेल असं त्यांना वाटलं. आता वर्षभर नळदुर्गच्या पारावर ही गोष्ट फिरणार. पण हिंमतराव हसला नाही. तो खुर्चीच्या कडेला बसून पेटीच्या डाव्या खोक्याकडं बघत होता.

"म्या निघतो," तो म्हणाला. "पेटी तुझ्याच घरी ऱ्हाऊ दे. बेलभंडाऱ्याचं माझं मी बघंन." आणि उठला.

आबाराव त्याच्या वाटेत उभे राहिले. आता खरं काय जायला निघालंय ते त्यांना दिसलं. पेटी जागेवरच होती. जात होता तो माणूस.

"हिंमत, चुकलो. पण एवढं सांग. डावी मेली, डावी मेली, हे का म्हणतोस? ती वाजतेय रे."

"न्हाय वाजत."

"बस. एकदा बस. तुझ्यासमोर बघू."

दुरुस्तीची एक साधी रीत आहे. एका बाजूचा आवाज गेला, की दोन्ही खोक्यांच्या तारा उलट्यापालट्या करायच्या. बिघाड पेटीत असेल, तर आवाज न येणारी बाजू बदलते. आबारावांनी डावी तार उजवीला, उजवी डावीला लावली. पेटी चालू केली. व्हॉल्व्ह तापू दिले. तबकडीवर सुई टेकली. आता रेल्वे उजव्या खोक्यात शिट्टी मारून निघाली, मधून गेली आणि डाव्या खोक्यात पोचून सुस्कारली.

"आता?" आबारावांनी विचारलं.

"आता निघाली की ठेसनातनं!" हिंमतराव खूश झाला. "शिट्टी झाली, निघाली... पर मधी येऊन इरली. पोचली न्हाय."

"म्हणजे कोणती बाजू मेली?"

"डावीच."

तारा बदलल्या होत्या. तरी डावीच. आणि डाव्या खोक्यातला सुस्कारा तर आबारावांनी आत्ताच स्वच्छ ऐकला होता. आबारावांनी सुई उचलली. मथुराबाईंनी तांब्या खाली ठेवला.

हिंमतरावानं डाव्या कानावरून हात फिरवला. पाळीवरचा भंडारा बोटाला लागला. "म्हंजी पेटी चांगली हाय," तो म्हणाला.

"चांगली आहे."

"मला वाटलंच हुतं. पर म्हनलं पेटीचा असला बिघाड तर असू दे की. पेटी दुरुस्त करता येती. सून डावीकडनं बोलली की म्या आपला हूं म्हनतो. तिला वाटतंय म्हातारा मिजासखोर झालाय. म्हनून ठोकून बघत हुतो, वाकून बघत हुतो. पुण्याच्या माणसाला म्हनलं, तुजं कसब लाव, डावी बाजू जिती कर. एवढंच गड्या."

आबारावांनी आयुष्यभर तारेवरचं बोलणं ऐकलं होतं. समोर एक, तारेवर दुसरं. इथं समोर आणि तारेवर एकच होतं, आणि तेच त्यांना ऐकू आलं नव्हतं. धड दोन कान असून. त्यांनी खुर्ची उचलली आणि मित्राच्या उजव्या हाताला ठेवून बसले.

"भावजी," मथुराबाई म्हणाल्या, "एका परीनं बरं हाय. ह्यांच्यासारख्या माणसाच्या डावीकडं बसायचं, काय म्हनतील ते ऐकायलाच येत न्हाय."

तेव्हा मात्र हिंमतराव हसला. असा हसला, की पातेल्यातलं दही पहिल्यांदा हललं.

जत्रेच्या दिवशी देव निघाला. वाजतगाजत, भंडाऱ्यात न्हाऊन, अख्खा रस्ता पिवळा करत पालखी नळदुर्गच्या वाटेला लागली. तिच्या बऱ्याच मागं एका टेम्पोत गादीवर बसून पेटी निघाली. आदल्या दिवशी आबारावांनी ती पुन्हा उघडली होती आणि ठिपके बघून सगळे व्हॉल्व्ह आपापल्या जागी लावले होते. आवाज आत शिरतो तिथंच दोन्ही तारा त्यांनी एक केल्या. आता डावं-उजवं उरलं नव्हतं. जे वाजेल ते सगळं दोन्ही खोक्यांत वाजणार. एवढ्या खटपटीनं जिवंत केलेला स्टिरिओ त्यांनी आपल्या हातानं मोडला होता, आणि मोडताना शीळ घालत होते, असं मथुराबाई सांगतात. मथुराबाईंचं दुखणं निराळंच होतं. "ऐन थंडीचं माझं दही चाललं," म्हणून त्या टेम्पोच्या मागं वेशीपर्यंत गेल्या.

दिवेलागणीला फोन आला. आबारावांनी तो उचलला. पलीकडं आधी नुसती धडधड ऐकू आली, मग हिंमतरावाचा आवाज. रानातून हाळी घालावी तसा.

"आबा! निघाली रं! ठेसनातनं निघाली! शिट्टी ऐकू आली!"

"पोचली का?"

"पोचली, पोचली! सूनबाई, पाय घ्या वर!"

पौषातली जत्रा करून देव परतला आणि शब्दाप्रमाणं त्याच दिवशी पेटीही परतली. आबारावांचा आता कुणावर संशय नव्हता. पण माणसाचे हात सवयीचे गुलाम. त्यांनी पेटी टेबलावर ठेवली, धोतर काढलं, सहज म्हणून व्हॉल्व्ह उपसून बुडं बघितली. दोन ठिपकेवाला तिसऱ्या जागी होता. तीन ठिपकेवाला दुसऱ्या.

त्यांनी चष्मा लावला आणि मधल्या ट्रान्सफॉर्मरकडं वाकून बघितलं. मग फोन उचलून नळदुर्गला लावला.

"हिंमत, पेटी सुखरूप पोचली. बाकी घरचं ठीक? सूनबाई शिवांजली काय म्हणते?"

"मजेत हाय. वैनीनं मागं फोनवर तिला काय काय शिकीवलं, तवापासनं सैपाकाला लई हात बसलाय तिचा."

"अस्सं. आणि दही कसं पडतंय तुमच्याकडं?"

"अरं, काय सांगू! सुरीनं कापावं लागतंय. का रं?"

"काही नाही," आबाराव म्हणाले आणि ट्रान्सफॉर्मरवरचं पांढरट गोल धोतराच्या टोकानं पुसू लागले. "सहज विचारलं."